जहाजाच्या वहीत उरलेली गावे

नांदूरघाट : दसरा झाला की केज तालुक्यातील नांदूरघाट आणि परिसरातील वाड्या-तांड्यांवर बांधाबांध सुरू होते. पत्र्याची पेटी, ज्वारी-बाजरीची पोती, लेकरे, शेरडे आणि कोयते गाडीत भरून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कोण गेले, कोणत्या कारखान्याला गेले, किती उचल घेऊन गेले, याची खात्रीची नोंद पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी राहिली आहे, ती म्हणजे मुकादमाची वही.

उसासाठीच घर सोडलेल्या मराठी माणसांची आणखी एक नोंद आहे. ती मात्र समुद्रापलीकडे, मॉरिशस बेटावरील मोका या गावी महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारावर मॉरिशसला नेलेल्या मजुरांची नावे, वये, जाती, गावे, अंगावरच्या खुणा आणि ज्या जहाजातून ते उतरले त्याचे नाव त्या वह्यांत लिहिलेले आहे. आपल्याकडे त्या माणसांचा मागमूसही उरला नाही. तिकडे त्यांची उंचीसुद्धा ठाऊक आहे.

या वह्या माणसांच्या आठवणीसाठी लिहिल्या गेल्या नव्हत्या. त्या कशासाठी लिहिल्या गेल्या, हे समजून घेतल्याशिवाय त्यांतील मजकूर नीट वाचता येत नाही.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदा मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ पासून अमलात आला. त्याआधी दहा वर्षे, १८२५ मध्ये, मॉरिशसच्या साखरेवरील इंग्लंडमधली जादा जकात उठली होती आणि बेटावर जिकडे तिकडे उसाचे मळे उभे राहात होते. ऐन भरात आलेल्या धंद्याला माणूसबळ कमी पडणार, हे मळेवाल्यांनी ओळखले आणि हिंदुस्थानकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. हा दिवस आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटीचा आहे. त्यानंतर १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून या एका बेटावर गेली. त्यातील बहुतांश कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून गेली. मुंबईचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच राहिला आणि तोही मुख्यत्वे १८४० ते १८६० या दशकांतला.

प्रारंभीच्या काळात भरतीला धरबंध नव्हता. दलालांनी फसवून, कोंडून माणसे जहाजावर चढवल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८३९ मध्ये मजुरांच्या परदेशगमनावर बंदी घालावी लागली. ती १८४२ च्या पंधराव्या कायद्याने मॉरिशसपुरती उठली; पण उठवताना सरकारने अट घातली. मजूर फक्त कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतूनच नेता येतील, बंदरावर एजंट असेल, जहाजावर किती माणसे घ्यावीत याला मर्यादा असेल आणि जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद होईल. १८४३ पासून जहाजे पुन्हा सुटू लागली. नोंदवह्यांचा खरा ओघ तेव्हापासूनचा.

वहीतील रकाने

मुंबईहून निघालेले शिडाचे जहाज साधारण महिना-दीड महिन्याने पोर्ट लुईला पोहोचे. जहाजावर रोगराई असेल तर बंदरात न आणता आधी एखाद्या उजाड बेटावर क्वारंटाइन. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतील मजुरांना पटकीच्या भीतीने गॅब्रिएल बेटावर उतरवून ठेवले गेले. निवारा आणि अन्नपाणी यांच्या अभावी तेथे शेकडो माणसे दगावली. त्या वर्षी हिंदुस्थान सरकारने मॉरिशसची भरतीच काही काळ थांबवली.

सुखरूप उतरलेल्यांना इमिग्रेशन डेपोत नेत. १८४९ मध्ये उभारलेल्या या डेपोच्या सोळा दगडी पायऱ्या आजही शाबूत आहेत. एके काळी ‘कुली घाट’ म्हटली जाणारी ही वास्तू आता ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखली जाते आणि २००६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. याच ठिकाणी कारकून वही उघडून बसत. प्रत्येक आगंतुकाला एक क्रमांक मिळे. क्रमांकापुढे नाव, वडिलांचे नाव, वय, स्त्री की पुरुष, जात, उंची, ओळखीची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाजाचे नाव, पोहोचल्याची तारीख आणि ज्या मळ्यावर पाठवले त्याचे नाव येई. पुढे त्याच क्रमांकाशी करार, लग्न, मृत्यू किंवा परत मायदेशी निघाल्याची तारीख जोडली जाई. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून छायाचित्रेही काढली जाऊ लागली. ज्या काळात आपल्याकडे संस्थानिकांची आणि शेठ-सावकारांचीही छायाचित्रे विरळा होती, त्या काळातले अनवाणी मजुरांचे हजारो चेहरे या संग्रहात आहेत.

एवढी बारकाई आली कोठून? मजुरावर मळेवाल्याचा पैसा लागलेला असे. त्याचे जहाजभाडे भरलेले असे. सुरुवातीच्या काळात पुरुष मजुराला महिना पाच रुपये पगार आणि शिधा ठरलेला होता. करार पहिल्यांदा पाच वर्षांचा, १८४२ नंतर एक वर्षाचा, १८४९ मध्ये तीन वर्षांचा आणि १८६२ मध्ये पुन्हा पाच वर्षांचा झाला. करार मोडून पळणाऱ्याला हुडकायचे तर कपाळावरचा व्रण आणि पायावरचा डाग लिहून ठेवणे भाग होते. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत, म्हणजे ‘दुहेरी कपात’, चालवायची तर हजेरी चोख ठेवणे भाग होते.

दुहेरी कपात हा शब्द बीड जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. येथे त्याला ‘खाडा’ म्हणतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यातील एकजण आजारी पडला तरी कोयत्याचा खाडा लागतो आणि दंड उचलीत मिळवला जातो. मुकादमालाही तिकडे जोड होती. मॉरिशसमध्ये त्याला सरदार म्हणत. मुदत संपलेल्या जुन्या मजुरांपैकी चलाख माणसांना मळेवाले हिंदुस्थानात परत धाडत आणि ती माणसे आपल्याच गावातून, आपल्याच भावकीतून नवी टोळी बांधून नेत. अनोळखी दलालापेक्षा गावच्या माणसावर लोकांचा विश्वास बसे, हे कोणत्याही कायद्यापेक्षा मळेवाल्यांना अधिक नेमके कळले होते.

करार संपल्यावरही वहीने माणसाला सोडले नाही. १८६७ च्या कायद्याने मुदत संपलेल्या ‘जुन्या’ मजुरालाही छायाचित्र असलेले तिकीट जवळ बाळगणे सक्तीचे झाले. तिकिटाशिवाय रस्त्यावर सापडलेला माणूस भटक्या ठरून कोठडीत जाई. तिकीट हरवले तर दुबार प्रतीचे शुल्क मजुराच्या मिळकतीच्या मानाने जबर होते. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय मळेमालकाने ९ हजार ४०१ मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला. मळेवाल्यांच्या समाजाने त्याला वाळीत टाकले. परंतु १८७२ मध्ये रॉयल कमिशन आले, १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला आणि पोलिसांच्या धरपकडीच्या तक्रारी खऱ्या होत्या हे कागदावर आले.

चिनी प्रवाशांची गोष्ट

त्याच काळात दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरूनही लाखो माणसे जहाजांत चढत होती. त्यांच्या नोंदींचे भवितव्य निराळे झाले आणि ती तुलना बोलकी आहे. १८४७ ते १८७४ या काळात सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर क्युबाच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. पेरूला नेलेले वेगळे. ब्रिटिशांनी १८५५ मध्ये चिनी प्रवाशांच्या वाहतुकीसाठी स्वतंत्र कायदा करून हाँगकाँगहून सुटणाऱ्या जहाजांची तपासणी आणि प्रवाशांची यादी आवश्यक केली. मात्र दलालांनी आपला व्यवहार पोर्तुगीजांच्या मकाव बंदरात हलवला. मकावचा हा व्यापार १८७४ मध्ये बंद झाला.

सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले चिनी बहुतांशी स्वखर्चाने किंवा कर्ज काढून गेले होते. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली आणि तेव्हापासून प्रत्येक चिनी प्रवाशाची इतकी कसून उलटतपासणी होऊ लागली, की घराला खिडक्या किती, विहीर कोणत्या दिशेला, असले प्रश्न विचारून उत्तरे टिपून ठेवली गेली. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे सरकारी दप्तर जळाले. जन्मनोंदी गेल्या. मग अनेकांनी आपण येथेच जन्मलो असे सांगितले आणि चीनमधील मुलगे म्हणून परक्यांची मुले आणली. इतिहासात त्यांना ‘कागदी मुलगे’ म्हणतात. म्हणजे अमेरिकेतील चिनी घराण्यांपुढे प्रश्न असा, की कागदावर बाप म्हणून लिहिलेला माणूस खरोखर बाप होता का. मॉरिशसच्या मराठी घराण्यांपुढचा प्रश्न वेगळा आहे : माणूस खरा, पण त्याचे नाव-गाव कागदावर ओळखू येते का?

मॉरिशसमध्येही चिनी आले. पोर्ट लुईतील क्वान ती हे त्यांचे मंदिर १८४२ चे आहे. ते मुख्यतः दुकानदार म्हणून स्थिरावले आणि मळ्यावरच्या मराठी, भोजपुरी, तमिळ मजुरांना तांदूळ-डाळ उधारीवर देणारे दुकान बहुधा चिन्याचे असे. त्यांच्यावर मळेवाल्याचा पैसा लागलेला नसल्याने त्यांची नोंद मजुरांच्या वहीइतकी तपशीलवार झाली नाही. त्यांच्या वंशजांना आजोबाच्या अंगावरील तीळ कोठे होता हे शोधता येत नाही. पण त्यांच्या आजोबाला तिकिटासाठी पोलिसाने अडवलेही नव्हते.

‘रुटनाघेरी’चा पत्ता

मुंबईहून गेलेले मजूर मुख्यत्वे रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या मुलखांतले होते. त्यांच्या वंशजांना मूळ गाव शोधायचे असेल तर वाट ठरलेली आहे. आधी आजोबा-पणजोबांचा जन्माचा किंवा लग्नाचा दाखला काढायचा. मॉरिशसच्या जुन्या दाखल्यांत आई-वडिलांचा इमिग्रेशन क्रमांक लिहिलेला असे. तो हाती लागला की मोक्याच्या दप्तरखान्यात अर्ज करायचा. तेथील सुमारे दोन हजार वह्यांतून त्या क्रमांकाची ओळ निघते, जहाज कळते आणि छायाचित्र असेल तर तेही मिळते. या संग्रहाला २०१५ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदपटात स्थान मिळाले.

खरी कसोटी त्यानंतर लागते. मजूर सांगे मराठीत, दुभाषा समजे हिंदुस्थानीत, कारकून लिही इंग्रजी अक्षरांत आणि त्याच्या कानाला सवय फ्रेंचची. रत्नागिरीचे ‘रुटनाघेरी’ तर खुद्द मुंबईतले इंग्रजही लिहीत. पण खेडेगावांची नावे अनेकदा ओळखण्यापलीकडे गेली. आडनाव विचारलेच गेले नाही. सखाराम, बाबाजी, पांडू असे पाळण्यातले नाव वहीत चढले आणि नातवंडांचे आडनाव तेच झाले. परिणामी एखाद्या कुटुंबाचे आडनाव मराठी असल्याचे चटकन ओळखू येते, पण ते मोरे होते, कदम होते की घाडी, हे त्यावरून कळत नाही.

गावाच्या नावाचा घोळ किती होऊ शकतो, हे खुद्द नांदूरघाटच्या नावावरून ध्यानात यावे. वहीत नुसते ‘नांदूर’ लिहिले असेल तर ते कोणते? निफाड तालुक्यातले नांदूर मधमेश्वर, सिन्नर तालुक्यातले नांदूर शिंगोटे, की बालाघाटाच्या अंगाचे नांदूरघाट? शेजारी तालुक्याचे नाव नसेल आणि परगण्याचे नाव चुकले असेल तर वंशज दोन जिल्हे हिंडतो. त्यात मधल्या काळात नकाशाच बदलला. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. सावंतवाडी तेव्हा संस्थान होते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. मालवणचा म्हणून गेलेला माणूस वहीत रत्नागिरीचाच राहिला आहे. बीड तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. येथले दप्तर उर्दू-फारसीत आणि मोडीत.

जुन्या नोंदीची किंमत मराठवाड्याला अलीकडे फार जवळून कळली आहे. २०२३ मध्ये निजामकालीन कागदपत्रांतील कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसीलच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेले रुमाल सोडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना सुगीचे दिवस आले. मॉरिशसच्या वह्यांतही जातीचा रकाना आहे आणि त्यात मराठा, कुणबी, महार ही नावे कारकुनाच्या स्पेलिंगमध्ये आढळतात. तिकडे त्या रकान्याचा उपयोग आरक्षणासाठी नाही. एकाच नावाच्या दोन माणसांतून आपला कोणता, हे ठरवण्यासाठी होतो.

उपयोग मात्र केवळ भावनिक उरलेला नाही. मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या नागरिकांना ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड देण्याच्या अटी २०१७ मध्ये सैल झाल्या. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस दौऱ्यात ही सवलत सातव्या पिढीपर्यंत वाढवल्याचे जाहीर केले. सात पिढ्यांपूर्वीचा पूर्वज भारतातून आला, हे दाखवायचे तर पुरावा एकच : जहाजाच्या वहीतील ती ओळ. पळून जाऊ नये म्हणून ज्याचे वर्णन लिहिले, त्याच्याच वंशजाला आज त्या वर्णनाच्या आधारे येथे येण्याचा परवाना मिळतो.

या वाटेवर महाराष्ट्रात मदत होऊ शकेल अशी ठिकाणेही आहेत. मुंबईत काळा घोडा येथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचा पुराभिलेख संग्रह आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारी पत्रव्यवहाराचे जुने खंड तेथे पाहता येतात. गावपातळीवर जन्म-मृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४, देवस्थानांच्या ठिकाणी तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि गावोगाव फिरून वंशावळी सांगणारे हेळवी हे आणखी आधार. पण १८५० च्या आसपास गाव सोडलेल्या कुळवाड्यासाठी यांतील बरेच कागद उशिराचे ठरतात, त्यामुळे हेळव्याच्या तोंडी वंशावळीलाच अनेकदा अधिक वजन येते.

कागद जेथे संपतो तेथे दुसरे पुरावे बोलू लागतात. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. हेन्रिएटा येथे १८९६ मध्ये तिकडचा पहिला गणेशोत्सव झाल्याचे मानले जाते. त्या दिवसांत मराठी मंडळी ‘झाकरी’ नाचतात. कोकणातील कोणाही माणसाने ती पाहिली तर त्याला सांगावे लागणार नाही की ही आपली जाखडी. ताल, गोल रिंगण, मध्ये बसलेले गाणारे. दीडशे वर्षांत भाषा क्रिओल झाली, पाय मात्र रत्नागिरीचेच राहिले. कारकुनाला हे चुकीच्या स्पेलिंगमध्ये लिहिता आले नसते.

गिरमिटाची ही पद्धत मोडण्यात वाटा असलेला एक माणूसही त्याच रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे बंद करावे असा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मांडला आणि तो संमत झाला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी ही पद्धतच सर्वत्र रद्द करावी असा ठराव आणला. तो सरकारी मतांच्या जोरावर पाडला गेला. १९१५ मध्ये गोखले गेले आणि १९१७ मध्ये ही भरती थांबली. मॉरिशसची भरती त्याआधीच, १९१० मध्ये, आटोपली होती.

नांदूरघाटच्या टोळ्यांना समुद्र ओलांडावा लागत नाही आणि हंगाम संपला की त्या परत येतात, हा फरक मोठा आहे. ऊसतोडीच्या स्थलांतराने १९७२ च्या दुष्काळानंतर जोर धरला. तेव्हापासून तीन पिढ्या या वाटेवर गेल्या. गेलेल्यांची गणती करण्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्राची योजना आखली. ओळखपत्रावर नाव, गाव आणि छायाचित्र येते. मुकादमाच्या वहीत मात्र आजही कोयत्याला एकच नाव असते, ते नवऱ्याचे. त्याच्याबरोबर तितकाच ऊस तोडणाऱ्या, मोळ्या डोक्यावर वाहून फडातून गाडीपर्यंत नेणाऱ्या बाईचे नाव त्या पानावर नसते. मॉरिशसच्या वहीत निदान तिला स्वतःचा क्रमांक होता.

मार्च-एप्रिलमध्ये गळीत हंगाम आटोपतो, टोळ्या गावी येतात आणि हिशेबाला बसतात. जेवढी उचल फिटली तेवढी वजा होते. उरलेली रक्कम नव्या पानावर चढते आणि त्यापुढे येत्या दसऱ्याचा हंगाम लिहिला जातो.